ताजबीचा फेरा

१

रविवारी दुपारी कोल्हापूरचा माणूस मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि झोपतो. आम्ही चौघं मात्र त्या वेळी सायकली काढून गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत जॅझ वाजवायला जात असू. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. जॅझ म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यात आम्ही चौघं मोडत होतो की नाही, याची मला आजही खात्री नाही.

सिकंदर आमचा म्होरक्या. शिवाजी पेठेत त्याच्या घरचा लग्नाचा बँड होता. तरुणपणी तो काही वर्षं मुंबईच्या हॉटेलांत गोव्याच्या वादकांबरोबर वाजवून आला होता. परत येताना त्यानं एक वेस्टकोट आणि जॅझचं खूळ एवढंच आणलं. वेस्टकोट फाटला, खूळ टिकलं. तो क्लॅरिनेट वाजवायचा. आकाराम हा मूळचा तमाशातला पेटीवाला. स्टुडिओत एक जुना पियानो पडून होता, त्याच्यावर तो बसायचा. त्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला, त्यामुळे पियानोवर त्या हाताचं काय करायचं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बास, म्हणजे पुरुषभर उंचीचं तारांचं वाद्य, वाजवायचा नेमगोंडा. शाहूपुरीत त्याची गुळाची अडत होती. माणूस इतका आडवा, की त्याच्या हातात तो प्रचंड बास सारंगीसारखा दिसे. तो जैन असल्यामुळे त्याला रविवारी दुपारी झोपायला तसं कारणही नव्हतं.

आणि चौथा मी, बाळासो इंगवले, कचेरीतला कारकून. मी ड्रमवर तारांचे ब्रश फिरवायचो. काठ्यांनी वाजवलं तर फार आवाज होतो असं सिकंदरचं म्हणणं पडलं, म्हणून मला ब्रश मिळाले होते.

"अवो, बाकीची माणसं रविवारची निवांत पडत्यात," आमच्या घरातून दर आठवड्याला हाक यायची. "तुम्ही झाडू घिऊन कुठं निघालाय?"

"हे झाडू नाहीत. ब्रश आहेत."

"मग येताना स्टुडिओ झाडून या."

नेमगोंडाला मी एकदा जॅझची व्याख्या विचारली होती. तो म्हणाला, "गाणं सगळ्यांस्नी म्हाईत असतंय. आपण त्येला अशा वाटंनं न्यायचं, की गाण्यालाच वाटलं पायजे, आयला, आता घरी कसं जायाचं!"

मी पुढे या विषयावर एक जाड इंग्रजी पुस्तक मिळवून वाचलं. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

सिकंदरनं मात्र एक नियम बँडमधून जसाच्या तसा आणला होता. वरात निघाली, की नवरदेव मांडवाच्या दारात पोचेपर्यंत बँड थांबत नाही. पाऊस येवो, मारामारी होवो, गाणं संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. नवरदेव दारात आला, की बँडमास्तर क्लॅरिनेट डोक्यावर उंच धरतो. ती खूण झाली, की सगळे एकदम गप्प. एकदा पेठेतल्या दोन तालमींची फुटबॉलवरून जुंपली, नवरदेव घोड्यासकट मधे अडकला, आणि सिकंदरच्या बँडनं एकच गाणं ओठ फुटेपर्यंत वाजवलं होतं.

"पावणं दारात आल्याबिगर थांबायचं न्हाय," तो आम्हांला सांगायचा. "आन थांबलं, म्हंजी पावणं आलं."

२

आम्ही वाजवायचो ती खोली स्टुडिओच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे गाण्यांचं ध्वनिमुद्रण चाले. चारी भिंतींना आणि छताला काथ्या भरून वर गोणपाट ठोकलेलं. दाराला तशीच गादी. एका भिंतीत जाड काच आणि काचेपलीकडे यंत्रवाल्याची चिंचोळी कोठडी. यंत्रं केव्हाच विकली गेली होती, काच राहिली होती.

जुने यंत्रवाले अशा खोलीला मेलेली खोली म्हणत. आत टाळी वाजवली तर ती हातातच संपते. घुमत नाही, परतत नाही. आपण बोललेलं वाक्य ओठांपासून वितभर अंतरावर कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. सगळं ऐकून घ्यायचं आणि उत्तर म्हणून कधी द्यायचं नाही, असे साहेब मी कचेरीत पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे मला ती खोली पहिल्यापासून परकी वाटली नाही.

किल्ली पिराजीकडे असे. तो तिथला राखणदार. मालकानं पगार थांबवल्यापासून त्यानं मोठ्या चित्रीकरणाच्या दालनात दोन म्हशी बांधल्या होत्या आणि हिशेब बरोबर झाला असं तो मानत होता.

"ह्या खोलीत का नाही बांधत?" मी एकदा विचारलं. "उबदार आहे."

"बांधली हुती की थंडीत एक." पिराजी किल्ली फिरवत म्हणाला. "सकाळी बघतोय तर म्हस त्वांड उघडती, मिटती, उघडती, मिटती. वरडतीया, पर आवाज न्हाय. भाईर वडून आणली."

"मग?"

"भाईरबी न्हाय. लई दिस गप हुती. पुढं बाजारात इकली."

नेमगोंडा हसला. "गप ऱ्हाणारी म्हस? पिराजी, दुप्पट भाव आला असंल की रं!"

आम्ही सगळेच हसलो. खोलीत हसणंही लगेच संपायचं. चौघं एका वेळी हसून थांबले, की कुणीतरी दम दिल्यासारखं वाटे.

३

ते गाणं तुमच्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांनी ऐकलेलं असणार. एका जुन्या बोलपटातलं, संथ चालीचं. 'सांज झाली तरी दार लोटू नको.' कुणीतरी गेलेलं आहे, कुणीतरी वाट पाहत आहे, दार उघडं ठेवलेलं आहे, एवढाच त्याचा मजकूर. ते याच खोलीत मुद्रित झालं होतं.

तबकडीवर जी बाई आहे ती नामांकित. पण ती मुंबईहून यायला उशीर झाला, आणि तोवर वाद्यमेळाची तालीम व्हावी म्हणून गावातलीच एक मुलगी गायला उभी केली. तिचं नाव ताजबी. ती रोज हे गाणं गायची. मग नामांकित बाई आली, एका दुपारीत गाऊन गेली, आणि ताजबीचं गाणं कुणीही, कशावरही उतरवून ठेवलं नाही. क्लॅरिनेटवर तेव्हा मिसरूड न फुटलेला सिकंदर होता. पुढे त्यानं ताजबीशी लग्न केलं. ती घरात गायची, चुलीपुढे, पोरांना झोपवताना. आमच्या गोष्टीच्या तीन वर्षं आधी ती वारली.

सिकंदरनं ते गाणं आमच्यासाठी बसवलं ते असं. अख्खी चाल एकदा वाजवली, की एक फेरा. पहिला फेरा क्लॅरिनेटचा. दुसरा पियानोचा. तिसऱ्या फेऱ्यात चाल कुणीच वाजवायची नाही. सिकंदर क्लॅरिनेट छातीशी धरून गप्प उभा राहायचा. आकारामनं खाली नुसते सूर धरायचे, नेमगोंडानं पावलं टाकल्यासारखा बास चालवायचा, मी ब्रश फिरवायचे. गाणारी बाई समोर असल्यासारखी साथ करायची, आणि बाई नाही. चौथ्या फेऱ्यात पुन्हा क्लॅरिनेट.

क्लबातल्या एका मेजवानीत आम्ही ते वाजवलं तेव्हा तिसऱ्या फेऱ्याला एक वकील मोठ्यानं म्हणाले, "मास्तर विसरला वाटतं." लोक हसले. सिकंदर डोळे मिटून उभा होता.

त्या दिवशी परतताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही दोघंच बसलो.

"बाळासो," तो म्हणाला, "फोटो हाय माझ्याकडं तिचा. त्वांड आठवतंय. हातावरचं गोंदण आठवतंय. भाकरी कशी थापायची ते आठवतंय. आवाज न्हाय आठवत."

"होतं असं."

"कसं हुतं? मी सुरातला माणूस. हजार गाणी डोक्यात हाईत. त्या वकिलाचाबी आवाज आठवतोय आत्ता. आन हिचा न्हाय." त्यानं कट्ट्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. "त्यो फेरा म्हणून रिकामा ठेवलाय. वाटतंय, वाजवता वाजवता कवातरी आठवंल. एकदा. एक ओळ आठवली तरी बास."

मी काहीतरी शहाणपणाचं बोललो असणार. मला तेव्हा ते सोपं होतं. माझ्या घरात हाक मारणारं माणूस होतं.

४

भाद्रपदातल्या एका रविवारी मी तो श्वास पहिल्यांदा ऐकला.

दुसरा फेरा संपला. आकारामनं चाल सोडली. रिकामा फेरा सुरू व्हायला एक ठोका बाकी होता, आणि तिथे कुणीतरी श्वास घेतला. गाणारी बाई पहिली ओळ उचलण्याआधी घेते, तसा. मग फेरा सुरू झाला आणि ओळ आली नाही.

चौघांत सगळ्यांत हलकं वाद्य माझं, त्यामुळे मला तो आधी ऐकू आला यात नवल नाही. मी नेमगोंडाकडे पाहिलं. एवढ्या देहाला हवा लागणारच. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच जागी. या वेळी नेमगोंडानं आकारामकडे पाहिलं, आणि आकारामनं माझ्याकडे.

चहाच्या वेळी विषय निघाला.

"तुझ्या छातीतनं आवाज येतोय नेमगोंडा," आकाराम म्हणाला. "तंबाखू कमी कर."

"मी खात न्हाय तंबाखू. तूच वडतोस इड्या."

"मी वडतोय, पर बाईगत न्हाय वडत!"

सरकारी नोकरीत अशा वेळी चौकशी समिती नेमतात. मी नेमली. गाणं पुन्हा सुरू करायचं आणि त्या जागी चौघांनीही आपापले श्वास रोखून धरायचे. तोंडं मिटून, गाल फुगवून आम्ही एकमेकांवर पाळत ठेवून होतो. चार प्रौढ माणसं, त्यांतला एक अडत्या आणि एक सरकारी नोकर, बेडकासारखी तोंडं करून गाणं वाजवतायत. पिराजीनं दारातून पाहिलं आणि तो म्हशींकडे निघून गेला.

ती जागा आली. श्वास आला.

आकारामचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले. नेमगोंडाचा बास चालत होता, कारण थांबायचं नाही हा नियम. मी ब्रश फिरवत राहिलो आणि स्वतःला समजावत राहिलो. काथ्या वाळतो, फुगतो. जुन्या भिंतीत कुठेतरी हवा शिरत असेल. पत्रा तापतो आणि निवतो. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि कुठल्याही सुज्ञ माणसाला पटावीत. फक्त हवा आणि पत्रा गाणं कुठवर आलंय ते बघून काम करत नाहीत.

सिकंदर मात्र डोळे मिटून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नघरांत पाहिलेलं आहे. वरात कोपऱ्यावर आल्याचं कळलं, की मुलीकडची माणसं तशी दिसतात.

"ऐकलंसा?" तो नंतर म्हणाला. "आली ती. ओळ उचलंल आता."

५

पुढच्या दोन-तीन रविवारी माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती मी कुणाला बोललो नाही.

माणूस श्वास घेतो आणि सोडतो. ओळ गायची नसली तरी घेतलेला श्वास बाहेर टाकावाच लागतो. मी कान देऊन बसायचो. तो बाहेर कधीच येत नव्हता. दर रविवारी आत घेतला जाई, मागच्या वेळेपेक्षा थोडा लांब. आधी एका ठोक्यात संपणारा श्वास आता फेऱ्याची पहिली ओळ अर्धी व्हावी इतका चाले. नुसता आत. आणि तो चालू असताना माझ्या ब्रशांचा आवाज मला कमी ऐकू येई.

भुताखेतांच्या पुष्कळ गोष्टी मी वाचलेल्या आहेत. त्यांतलं भूत फार बोलतं, आपली सगळी हकीकत सांगतं, एखादा पक्षकार बरा. त्यामुळे मला त्यांची भीती कधी वाटली नाही. हे काहीच सांगत नव्हतं. नुसतं घेत होतं.

याच सुमारास पिराजीनं बातमी दिली. स्टुडिओ विकला गेला होता. तिथे मंगल कार्यालय होणार होतं आणि दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं होतं. पिराजीला म्हशींची चिंता लागली. सिकंदर एकदम म्हातारा दिसायला लागला.

"दिवाळीच्या आत ओळ आली पायजे," तो म्हणायचा. "येती की न्हाय बघतोच."

शेवटी मीच त्याला सुचवलं, "तुला आवाज आठवत नाही. मग आला तर तो तिचाच, हे तू कशावरून ओळखणार? ज्याला आठवतो अशा माणसाला आण."

त्याला ते पटलं. ताजबीची धाकटी बहीण हाफिजा गडहिंग्लजला दिलेली होती. रविवारी सकाळच्या एसटीनं ती आली. ठेंगणी, तोंडाळ बाई. येताना सगळ्यांना पुरतील एवढ्या करंज्या घेऊन आली.

"भाई, ह्योच का तुमचा बाजा?" तिनं बासला बोट लावून पाहिलं. "का पाळणा म्हणायचा?"

"पाळणाच हाय आक्का," नेमगोंडा म्हणाला. "मी निजतोय ह्यात."

"मग दोरी तुटंल की हो, पावणं!"

ती एका स्टुलावर बसली, पदर नीट घेतला, आणि आम्ही सुरू केलं. पहिल्या फेऱ्याला तिचे डोळे भरले. दुसऱ्या फेऱ्यात ती ओठांनी शब्द जुळवत होती. मग ती जागा आली.

श्वास लांबत गेला. हाफिजा ताठ झाली. आधी तिनं सिकंदरकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या भिंतीकडे, मग छताकडे, मग दुसऱ्या भिंतीकडे. आवाज कुठून येतोय ते शोधणारा माणूस एका ठिकाणी नजर लावतो. तिची नजर सगळीकडे फिरली आणि कुठेच थांबली नाही. ती उठून दारातून बाहेर गेली.

आम्ही फेरे संपवून बाहेर आलो तेव्हा ती पिराजीच्या म्हशींपाशी उभी होती.

"आपा नव्हं ती," ती म्हणाली.

"हाफिजा, नीट आठव..."

"काय आठवायचंय? आपाचा श्वास ऐकायलाच यायचा न्हाय. अम्मीनं मारून शिकवलंतं दोघींस्नी, श्वास ऐकू आला की पाठीत लाटणं! आन भाई, त्यो श्वास..." तिनं दोन्ही हात पसरले, आणि मग आणखी पसरायला जागा नाही म्हणून खाली सोडले. "एवढा मोठा श्वास बाईमाणसाचा असतोय का? तुम्ही फुंकून पोट भरणारं. तुमास्नी कळंना व्हय?"

सिकंदर मान खाली घालून ऐकत होता. त्याला ते केव्हाच कळलेलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"आत बसू नका," हाफिजा म्हणाली. "तुम्ही त्येच्या आत बसताय."

करंज्या तिथेच राहिल्या. तिला संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

६

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. उकाडा होता. आकाराम यायला तयार नव्हता. नेमगोंडानं त्याला सायकलच्या दांडीवर बसवून आणलं.

"शेवटचं एकदा वाजवू, आन मग गुळाच्या गुऱ्हाळात जागा देतो," नेमगोंडा म्हणाला. "तिथं श्वास घितला तर रसाचा तरी वास यील."

सिकंदरनं अंगावर बँडचा लाल कोट चढवला होता, पितळी बटणांसकट. बटणं घासूनपुसून चकचकीत केलेली पाहून मी ब्रश खाली ठेवले.

"सिकंदर, ही ती नाही, असं हाफिजा म्हणाली ना?"

"न्हायच."

"मग?"

तो क्लॅरिनेटच्या पट्ट्या चाचपत राहिला. "आठ दिस गायली ती हितं. सगळं ह्या खोलीनं घितलं, परत एक सूर दिला न्हाय. घरात जे गायली ते माझ्याकडं हुतं, त्ये मी घालवलं. मग आता कुणाकडं हाय तिचा आवाज? हिच्याकडंच की." त्यानं गोणपाटावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "मागायला आलोय."

"आणि ही खोली काही मागेल त्याचं काय?"

"माझ्याकडं काय हाय, बाळासो? फुंकर हाय. घिऊंदे."

गाणं सुरू झालं. त्या दिवशीसारखं आम्ही ते कधी वाजवलं नव्हतं. आकारामचा डावा हातसुद्धा शहाण्यासारखा वागत होता. क्लॅरिनेट इतकं हळू आणि इतकं जवळून बोलत होतं, की गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं हे विसरायला व्हावं. दार लोटू नको. रिकामा फेरा आला. श्वास सुरू झाला आणि थांबेना. फेरा संपला, तरी तो चालूच. सिकंदरनं क्लॅरिनेट वर केलं नाही. आम्ही पुन्हा रिकामाच फेरा धरला. पुन्हा एकदा. मला माझे ब्रश दिसत होते, ऐकू येत नव्हते. नेमगोंडाची बोटं तारांवर चालत होती, आणि तारा मुक्या होत्या.

तेव्हा सिकंदरनं आम्हांला डोळ्यांनी खूण केली. जा. वरातीत दमलेल्या माणसाला तो असाच सोडायचा. मग त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. थांबायचं नाही, हा नियम त्याच्यापुरता त्यानं ठेवला.

आकाराम आधी निघाला, मग नेमगोंडा बास तिथेच टाकून. मी शेवटी. बाहेर येताच कान भरून आवाज आले. कावळे, वैरण चघळणाऱ्या म्हशी, आकारामच्या शिव्या. गादीच्या दारातून क्लॅरिनेट पुसट ऐकू येत होतं. मी ऐकत राहिलो आणि मग दाराला कान लावला. तो चाल वाजवत नव्हता. गाणाऱ्याच्या पाठीमागून वाजवतात तसं, ओळ संपली की एक छोटी जागा भरायची आणि पुढच्या ओळीला गप्प व्हायचं, असं तो वाजवत होता. मधल्या गप्प जागा बरोब्बर एकेका ओळीएवढ्या होत्या.

मी यंत्रवाल्याच्या कोठडीत शिरलो आणि काचेतून आत पाहिलं.

काच जुनी होती, धुळकट होती, थोडी वाकलेली असणार. हे मी नमूद करतो, कारण हीच कारणं मी स्वतःलाही इतकी वर्षं देत आलो आहे. खोली मोठी झाली होती. भिंतींचं गोणपाट मागे सरकलं होतं, चारी बाजूंनी, ताणलेलं. छत वर गेलं होतं. सिकंदर फार लांब उभा होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माणूस दिसावा एवढासा, एक लाल ठिपका. त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं होतं. मान एका बाजूला कलती करून, तोंड अर्धं उघडं ठेवून तो ऐकत होता. त्याच्यासमोर कुणीही नव्हतं.

मग त्यानं हात उचलला. क्लॅरिनेट डोक्यावर उंच धरलं.

आणि काच आतून, एका क्षणात, वरपासून खालपर्यंत वाफेनं पांढरी झाली.

७

तो आपणहून बाहेर आला. कोट ओला होता. आम्ही तिघं त्याच्याभोवती जमलो.

"ऐकलास?" मी विचारलं.

त्यानं हो म्हणून मान हलवली. चेहरा इतका निवांत, की मला त्याचा हेवा वाटला. त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्हा हलले. पिराजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

मिरजेच्या डॉक्टरांनी घसा तपासला. कुठे काही बिघाड नव्हता. बँड पुतण्यानं चालवायला घेतला. सिकंदर आणखी सहा वर्षं जगला, एक शब्द न बोलता. दुपारी घराच्या पायरीवर बसायचा आणि मधूनमधून मान कलती करायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "तिचाच होता का रे?" त्यानं मान कलती केली. मग त्यानं रिकामा हात डोक्यावर उंच धरला, पावणं आल्याची खूण करतात तसा, आणि हसला.

आता मला त्याचा चेहरा आठवतो, लाल कोट आठवतो. तो 'बाळासो' कसा म्हणायचा ते आठवत नाही.

तेवढ्यावर ही गोष्ट मी संपवली असती. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातली गेली. तिचं नाव अंबू, आणि ते मी तिला उद्देशून कधी उच्चारलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. तिनंही आयुष्यभर मला 'अवो' एवढीच हाक मारली. तिचा राग आठवतो, तिच्या हातचा रस्सा आठवतो, झाडूवरून केलेली चेष्टा शब्दन् शब्द आठवते. पण ती सगळी मला माझ्याच आवाजात आठवते. तो 'अवो' कसा होता, उंच की खालचा, ते गेलं आहे.

गेल्या महिन्यात त्या मंगल कार्यालयात एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीचं लग्न होतं. जेवणानंतर जरा पडावं म्हणून मॅनेजरला जागा विचारली. भला माणूस, त्यानं मागची एक खोली उघडून दिली. स्टुडिओ पाडताना ती तेवढी ठेवली होती, सामानाला उपयोगी म्हणून. भिंतींचं गोणपाट तसंच, आणि छतापर्यंत रचलेल्या लग्नाच्या गाद्या. काच मात्र विटांनी बुजवलेली. बाहेर सनईची तबकडी चालली होती. दार ओढल्याबरोबर ती ऐकू येईनाशी झाली.

मी टाळी वाजवली. हातातच संपली.

मग गाद्यांच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. फार लहानसा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या माणसाला हाक मारण्याआधी बाई घेते, तेवढाच.

हाफिजाचं बोलणं मी विसरलेलो नाही. ते जे काही आहे ते अंबू नाही, एवढं कळण्याइतका मी शिकलेला माणूस आहे. नेमगोंडाला विचारलं असतं तर त्यानं मला दोरीनं बांधून घातलं असतं, म्हणून विचारलेलं नाही.

उद्या कार्यालयात लग्न नाही. मॅनेजर दुपारी किल्ली देतो म्हणाला आहे. ब्रश माळ्यावर होते, ते काढून, गंज घासून मी उन्हात ठेवले आहेत. तिनं मला एकदा हाक मारली तरी पुरे. बदल्यात जाईल ते जाईल. निवृत्त कारकुनाच्या आवाजाची तशीही कुणाला गरज पडत नाही.